रिवर्कमधले ठोंबरे

विलास ठोंबरे चिडले की त्यांची मराठी थेट यवतमाळला जायची. एरवी खराडीतल्या आमच्या सोसायटीत त्यांच्याइतकं छापील कुणी बोलत नसे. मी नारायण पेठेत वाढलेली, पण लिफ्ट बंद पडली की ‘लिफ्ट बंद आहे’ एवढंच म्हणायचे. ठोंबरे सोसायटीचे सेक्रेटरी. ते ‘उद्वाहन दुरुस्तीसाठी तात्पुरते स्थगित’ अशी पाटी लावायचे. डी बिल्डिंगमधल्या एका मुलानं ग्रुपवर ‘उद्वाहन मीन्स?’ असं विचारलं, तेव्हा कुठे मोठ्या कष्टानं ते ‘लिफ्ट’वर आले. पण पाण्याचा टँकर आला नाही, किंवा कुणी भलत्याच्या जागेवर गाडी लावली, की आतून एकदम ‘काहून?’ बाहेर पडायचं. “काहून लावली इथं? पट्टे मारलेले दिसून नाही राहिले का?” मग स्वतःच दचकायचे, इकडेतिकडे बघायचे, शर्ट नीट खोचायचे आणि म्हणायचे, “म्हणजे, कृपया वाहन हलवावं.”

शर्ट कायम खोचलेला. इस्त्रीचा, पूर्ण बाह्यांचा, खिशाला पेन. कचऱ्याची बादली खाली ठेवायला जातानासुद्धा पायात बूट. “माणूस घराबाहेर पडला की तो घराबाहेर पडलेला दिसला पाहिजे, मॅडम.” मी त्यांच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले त्या दिवशी टेम्पोतलं सामान वर चढवून माझा पार अवतार झाला होता. गाऊनवर ओढणी घेऊन दारात उभी होते. हे समोरून आले, नमस्कार केला, माझ्या दाराच्या चौकटीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “तिरकी आहे. बिल्डरनं सगळ्यांनाच तिरकी दिलीये. पण काळजी करू नका, तुमची रिवर्कमध्ये बसेल.” हा आमचा परिचय.

रांजणगावच्या बाजूला गाड्यांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना होता, तिथे ते क्वालिटी तपासायला होते. तिथे तयार झालेला प्रत्येक तुकडा तीन पेट्यांपैकी एकीत जातो: पास, रिजेक्ट किंवा रिवर्क. रिवर्क म्हणजे फेकण्यासारखा नाही, पण पाठवण्यासारखाही नाही. थोडा घासायचा, थोडा ठोकायचा आणि पुन्हा तपासणीला ठेवायचा. ठोंबऱ्यांनी सगळं जगच या तीन पेट्यांत वाटून टाकलं होतं. भाजीवाल्याचे टोमॅटो, वॉचमनची एजन्सी, माझा चहा (“पास, पण साखर बॉर्डरवर”). गच्चीत पाण्याची टाकी तपासायला आम्ही दोघं चढलो होतो, समोर आयटीवाल्यांचे काचेचे मनोरे उन्हात चमकत होते आणि आमच्या टाकीत तळाला गाळ होता. तेव्हा ते म्हणाले, “मध्यमवर्गीय म्हणजे काय, सांगू? वरचे पास. त्यांना कोणी तपासतच नाही. खालचे रिजेक्ट. त्यांच्याकडे कोणी बघतच नाही. राहिलो आपण. आपण जन्मभर रिवर्क.” आणि स्वतःच हसले. ‘आपण’ म्हणजे कोण आणि ‘खालचे’ म्हणजे कोण, हे त्यांना पक्कं माहीत होतं. निदान तेव्हा.

नियमावर त्यांची श्रद्धा होती, आणि त्या श्रद्धेनं त्यांची कधीच पत्रास ठेवली नाही. आमच्या फाटकासमोर गटाराच्या चेंबरचं झाकण खचलं होतं. स्कूटरवाले त्यात आपटायचे. ठोंबऱ्यांनी तक्रारीच्या ॲपवर फोटो टाकला. चार-पाच दिवसांनी मेसेज आला: आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे. झाकण जिथल्या तिथे. त्यांनी पुन्हा तक्रार केली, पुन्हा निराकरण. तिसऱ्या वेळी त्यांनी त्या खड्ड्यात स्वतःचा बुटातला पाय ठेवून फोटो काढला, म्हणजे खोली कळावी. त्यानंतर दोन माणसं आली आणि खड्ड्यात नारिंगी रंगाचा एक शंकू ठेवून गेली. मग शंकूचंही निराकरण झालं, म्हणजे कुणीतरी तो उचलून नेला.

“अहो, नाद सोडा,” मी म्हणाले. “डी बिल्डिंगमधल्या त्या मिहीरची कुणाकुणाशी ओळख आहे, त्याला सांगा.”

“ओळखीनं कशाला, मॅडम? टॅक्स भरतो आपण.”

पुढच्याच आठवड्यात मिहीरच्या नव्या कोऱ्या गाडीचं चाक त्या चेंबरमध्ये गेलं. त्यानं तिथेच उभ्या उभ्या एक फोन केला. संध्याकाळपर्यंत सिमेंट ओतून, झाकण बसवून, वर पाणी मारायला माणूससुद्धा ठेवलेला. ठोंबरे ऑफिसच्या बसमधून उतरले आणि कितीतरी वेळ त्या ओल्या सिमेंटकडे बघत उभे राहिले. मला वाटलं, आता यवतमाळ निघणार. पण नाही. त्यांनी वाकून झाकणाची कड तपासली, ‘पास’ म्हणाले आणि वर जाऊन ॲपवर आभाराचा संदेश टाकला. मला राग आला होता. कुणाचा, ते सांगता येत नव्हतं. मिहीरचा यावा, तर त्यानं काय वाईट केलं? खड्डा तर बुजला.

मग त्यांचा कारखाना दुसऱ्या राज्यात गेला. मशिनं गेली, माणसं राहिली. वयाची पन्नाशी उलटलेल्या ठोंबऱ्यांना स्वेच्छेनं निवृत्ती घ्यायला लावली. ही भाषा त्यांचीच: “स्वेच्छेनं घ्यायला लावली.” मुलगी इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, घराचे हप्ते चालू. त्यांनी महिनाभरात कार्डं छापून घेतली. कार्डावर ‘क्वालिटी कन्सल्टंट’ असं होतं. सकाळी शर्ट खोचून खाली जायचे, क्लब हाऊसमध्ये बसून फोन करायचे, लोकांना भेटायचे. काम मिळत नव्हतं असं नाही, पण मिळे ते पोरासोरांच्या हाताखालचं, आणि तेही टिकत नसे. “सध्या दोन-तीन ठिकाणी बोलणी चालू आहेत,” असं ते लिफ्टमध्ये सांगायचे. विचारलेलं नसतानाही.

त्यांच्या पत्नी सुशीलावहिनी मात्र कुणाला काही सांगायच्या भानगडीत पडल्या नाहीत. ठेंगण्या, काटक बाई. बोलणं आधीपासून वऱ्हाडीच; पुण्यात इतकी वर्षं काढून त्यांनी भाषेला शर्ट कधी घातला नाही. आधी त्यांनी एकटं राहणाऱ्या मुलांना डबे सुरू केले. मग डी बिल्डिंगमधल्या एका घरातून विचारणा झाली. नवरा-बायको दोघंही आयटीत, घरी म्हातारे सासरे, त्यांना गरम पोळी लागायची. वहिनी रोज सकाळी तिथे जाऊन पोळ्या-भाजी करायला लागल्या. त्याच घरी मंगल नावाची एक बाई धुणंभांडी करायची, तिची आणि वहिनींची चांगलीच गट्टी जमली.

ठोंबरे आम्हाला सांगायचे, “मिसेस कुकिंगचे क्लास घेतात.”

वहिनी समोर असल्या तर साडीचा पदर खोचून आत निघून जायच्या. एकदा मात्र जाता जाता म्हणाल्या, “हो, क्लास. मी लाटून राहिली आणि ते खाऊन राहिले. परीक्षा मार्चमध्ये.”

ठोंबऱ्यांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं.

त्या वर्षीची सोसायटीची सभा नेहमीसारखी पार्किंगमध्ये, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. टँकर, लिकेज, कुत्री हे सगळं आटोपल्यावर मिहीर उठला. हा मुलगा वागायला गोड. सगळ्यांना काका-काकू म्हणणारा. तो म्हणाला, “काका, एक छोटा पॉइंट. सकाळी ऑफिसच्या टाइमला लिफ्टमध्ये जागाच नसते. मेड्स, डिलिव्हरीवाले, कचऱ्याची बकेट, सगळं त्याच लिफ्टमध्ये. आपल्याकडे प्रत्येक विंगला सेकंड लिफ्ट आहे ना, सामानाची? स्टाफनं ती वापरावी. इट्स अ हायजीन थिंग. अँड सिक्युरिटी.”

विरोधात एकही हात वर गेला नाही. सकाळी लिफ्टसाठी सगळेच खोळंबायचे.

पाटीचा मजकूर ठोंबऱ्यांनी तयार केला. तो मला दाखवायला घरी आले, तेव्हा खूश होते. “‘मोलकरीण’ नाही, ‘नोकर’ नाही. बघा, काय शब्द घातलाय. ‘सेवाकर्मी बंधू-भगिनींनी कृपया सामानाच्या लिफ्टचाच वापर करावा.’ बंधू-भगिनी! शेवटी मान राखला पाहिजे, मॅडम. माणसं आहेत ती.” खाली ‘आदेशावरून, वि. म. ठोंबरे, सचिव’ अशी झोकदार सही. चारही बिल्डिंगमध्ये पाट्या लागल्या, लॅमिनेट करून.

त्यानंतरच्या सोमवारची गोष्ट. सकाळी डी बिल्डिंगमध्ये राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीकडे मला जायचं होतं. फाटकापाशी वहिनी भेटल्या, आम्ही बोलत बोलत बरोबरच गेलो. त्यांच्या हातात कापडी पिशवी, पिशवीत त्यांचं स्वतःचं लाटणं. दुसऱ्याच्या लाटण्यानं पोळी धड होत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. लिफ्टसमोर नवा वॉचमन होता. मला त्यानं सलाम केला आणि वहिनींच्या पिशवीकडे बघून म्हणाला, “मावशी, तुम्ही त्या लिफ्टनं.”

तो उर्मट नव्हता. उलट जरा ओशाळूनच बोलला. बोट पाटीकडे केलं.

वहिनींनी पाटी वाचली. पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत, सावकाश, जणू कुणी परीक्षा घेणार होतं. मी वॉचमनला म्हणाले, “अहो, ह्या कोण आहेत माहीत आहे का...”

“राहू द्या, ताई,” वहिनी म्हणाल्या. “बरोबर आहे त्याचं.”

आणि त्या सामानाच्या लिफ्टकडे गेल्या. त्या लिफ्टला आतून प्लायवूड ठोकलेलं, आत कुणाच्या तरी घरातून काढलेल्या जुन्या फरश्यांची पोती आणि ओल्या कचऱ्याचा पिंप. पिंपाला साडी लागू नये म्हणून वहिनी अंग चोरून कोपऱ्यात उभ्या राहिल्या. दार बंद झालं. मी आरशाच्या लिफ्टनं वर गेले. एकटीच होते. चांगली आठ माणसांची जागा होती.

संध्याकाळी समोरचं दार उघडंच होतं, आवाज जिन्यापर्यंत येत होता.

“मग सांगायचं ना त्याला! मी सेक्रेटरीची मिसेस आहे म्हणून!”

“आणि मंग? त्यानं विचारलं असतं, सेक्रेटरीची मिसेस पिशवी घेऊन सकाळी सकाळी काहून आली, तर काय सांगू? क्लास घ्यायला?”

“गेस्ट म्हणून जाता येतं माणसाला.”

“लाटणं घेऊन?”

थोड्या वेळानं ठोंबरे माझ्या दारात उभे. चेहरा लाल, पण शर्ट खोचलेला. “मॅडम, नियमात एक दुरुस्ती सुचवायची आहे. ‘सोसायटीच्या सभासदांचे कुटुंबीय वगळून’ असं घातलं तर कसं? कायदेशीर बसतं ना?” मी बँकेत असल्यामुळे सगळं कायदेशीर मला कळतं असा त्यांचा समज होता.

मी काही बोलायच्या आत मागून वहिनी आल्या. “आणि मंगल?”

“मंगल कोण?”

“माझ्यासोबत भांडे घासते ती. एकाच ओट्यापाशी उभ्या राहतो आम्ही दोघी. मी आरशात पाहत वर जाऊ आणि ती कचऱ्यासंगं येईल? वर गेल्यावर तिच्याशी काय बोलू मी?”

“मंगलचं वेगळं आहे, सुशीला.”

“काय वेगळं आहे, ते सांगा.”

ठोंबऱ्यांनी तोंड उघडलं. मी तिथे उभी होते आणि मलाही उत्तर ऐकायचं होतं, खरंच. पोळ्या लाटणं आणि भांडी घासणं यांत काय फरक आहे? फ्लॅट नावावर असणं आणि नसणं? मुलगी इंजिनियरिंगला असणं? मंगलची मुलगी नर्सिंगला होती. ठोंबरे शेवटी म्हणाले, “ठीक आहे. नियमच रद्द करून घेऊ. बोलावतो सभा.”

पाटी काढून टाकणं त्यांच्या हातात होतं. एक स्क्रू सोडवायचा, की झालं. पण सभेचा ठराव सभेतच रद्द होतो. वहिनींना रोज त्या प्लायवूडच्या लिफ्टमधून जाताना बघत त्यांनी नोटिशीची मुदत पुरी होऊ दिली. मी चिडून एकदा म्हणालेही, “अहो ठोंबरे, उचला ती पाटी आणि फेका.” तर म्हणाले, “मग माझ्यात आणि त्या फोनवाल्यात फरक काय, मॅडम?”

सभेला नेहमीपेक्षा कमी माणसं होती. वहिनी मागच्या रांगेत, बायकांमध्ये. ज्या घरी त्या पोळ्या करायच्या, तिथल्या बाईही आल्या होत्या. ठोंबऱ्यांनी उभं राहून विषय वाचला. सामानाच्या लिफ्टसंबंधीचा ठराव मागे घ्यावा.

“काका, पण का?” मिहीरनं विचारलं, अगदी सरळ मनानं. “कुणाची कंप्लेंट आलीये का? रूल तर मस्त चाललाय. मॉर्निंग वेटिंग एकदम कमी झालंय.”

“प्रश्न तक्रारीचा नाही. तत्त्वाचा आहे.”

“कोणतं तत्त्व?”

“माणसामाणसांत... म्हणजे, समानतेचं.”

कुणीतरी हसलं. एक आजोबा म्हणाले, “ठोंबरे, पाटी तुम्हीच लिहिलीत. शुद्धलेखन तपासून!” आता बरेच हसले. एक वाक्य बोलायचं होतं. ‘माझी बायको त्या लिफ्टनं जाते.’ एवढंच. ते त्यांच्या ओठांपर्यंत आल्याचं मला दिसत होतं. बोला की, बोला, असं मी मनात म्हणत होते. ते एकदा मागच्या रांगेकडे बघायचे, एकदा कागदाकडे. शेवटी म्हणाले, “सेवाकर्मी वर्गाच्या भावना लक्षात घेता...”

“मी सांगते,” वहिनी उठल्या. “मी डी बिल्डिंगमध्ये पोळ्या करायला जाते. मी सेवाकर्मी भगिनी आहे. त्या लिफ्टमध्ये घाण वास येते. तुम्हीही जाऊन पाहा एखाद दिवस.”

पोळ्यांच्या घरच्या बाई मोबाइलकडे बघायला लागल्या. मला वाटलं, आता होईल. आता कुणाला तरी लाज वाटेल.

मिहीर पटकन पुढे आला. त्याचा चेहरा खरोखर उतरला होता. “ओह काकू! आय ॲम सो सॉरी. आम्हाला माहीतच नव्हतं. तुमच्यासाठी कुठे आहे तो रूल? तुम्ही तर फॅमिली आहात. काका, एक लाइन ॲड करू ना, एक्सेप्ट रेसिडेंट्स. विषय संपला!”

आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. ते पडणं मला ऐकू आलं म्हटलं तरी चालेल. खुर्च्या सरकल्या, लोक बोलायला लागले, ‘अर्थात’, ‘म्हणजे काय, वहिनी आपल्याच’, ‘प्रश्नच नाही’. वहिनी काहीतरी म्हणत होत्या, मंगल हा शब्द मी दोनदा ऐकला, पण आता त्यांच्याशी सगळे इतक्या प्रेमानं बोलत होते की त्यांचं कुणाला ऐकूच येत नव्हतं. एका बाईंनी त्यांचा हात धरून विचारलं, “तुम्ही पुरणपोळ्यांच्या ऑर्डर घेता का?” दुरुस्ती एकमतानं मंजूर झाली. सचिवांनी ती लिहून घेतली. ते काम त्यांचंच होतं.

ज्या दुरुस्तीसाठी ते माझ्या दारात आले होते, नेमकी तीच त्यांना मिळाली होती. ती लिहिताना मी त्यांचा चेहरा बघितला आणि मग बघायचं टाळलं.

पुढच्या आठवड्यात ठोंबऱ्यांनी प्रकृतीच्या कारणास्तव सचिवपदाचा राजीनामा दिला. वहिनी मंगलबरोबर सामानाच्याच लिफ्टनं जात राहिल्या. वॉचमन आता उठून उभा राहायचा, “काकू, तुम्ही इकडून या ना,” म्हणायचा, आणि वहिनी “बरं आहे मला हेच” म्हणून प्लायवूडच्या दारापाशी थांबायच्या. ठोंबरे आमच्या ए बिल्डिंगमध्ये दोन्ही लिफ्ट सोडून जिना चढायला लागले. आम्ही चौथ्या मजल्यावर. त्यांचे गुडघे आधीच कुरकुरणारे, डॉक्टरांनी जिना बंद सांगितलेला. पण हे कठड्याला धरून, मजल्यामजल्यावर थांबून, घामाघूम होऊन वर यायचे.

“अहो, कशाला त्रास करून घेता?”

“व्यायाम होतो, मॅडम.”

“वहिनींसारखे सामानाच्या लिफ्टनं जा. नाहीतर सरळ नेहमीच्या लिफ्टनं या. कुठल्या तरी एकीनं जा!”

माझा आवाज चढला होता. त्यांनी रुमालानं मान पुसली आणि फार दमलेल्या आवाजात म्हणाले, “डी बिल्डिंगमध्ये तिच्यासोबत गेलो होतो एकदा. मंगल होती आत. मला बघून ती बाहेर पडली. म्हणाली, साहेब जाऊ द्या आधी.” रुमाल खिशात ठेवत म्हणाले, “आणि त्या दुसऱ्या लिफ्टमध्ये आरसा आहे.”

यानंतर काही महिन्यांतच त्यांनी फ्लॅट भाड्यानं दिला आणि चंदननगरच्या बाजूला तळमजल्यावर दोन खोल्या घेतल्या. पुढच्या खोलीत वहिनींनी डब्यांचं काम वाढवलं. डी बिल्डिंगचं काम सोडलं आणि मंगललाही बरोबर घेतलं. मला निरोप द्यायला ठोंबरे आले तेव्हा म्हणाले, “इन्व्हेस्टमेंट म्हणून भाड्यानं दिलाय. आता या भागात रेट चांगला आहे.” मी म्हणाले, हो, चांगला निर्णय. त्यांच्या जागी चार मुलं राहायला आली. रात्रंदिवस कॉलवर असतात. दारासमोर बुटांचा ढीग असतो. पाट्या अजून तशाच आहेत. फक्त खाली बारीक अक्षरात एक ओळ वाढली आहे.

गेल्या महिन्यात मिक्सरचं भांडं बदलायला बुधवार पेठेत गेले होते. त्या अरुंद दुकानात काउंटरपाशी ठोंबरे वाकून उभे होते. समोर कणीक मळायची दोन यंत्रं, एक लहान, पांढरं, घरात शोभेलसं. एक स्टीलचं, बोजड. शेजारी स्टुलावर सुशीलावहिनी. मला बघून त्यांना आनंद झाला. वहिनींनी हात धरला, तब्येत विचारली. त्यांच्या बोटांना मशेरीसारखा काहीतरी रंग होता, जवळून बघितलं तर चटक्यांचे डाग. मुलीला बंगळूरला नोकरी लागली, म्हणाल्या. ठोंबऱ्यांचा शर्ट इस्त्रीचा होता, कॉलर मात्र उलटून शिवलेली.

“घरी वापरायचंय की धंद्याला?” दुकानदारानं वर न बघता विचारलं.

“घरगुती,” ठोंबरे म्हणाले.

“रोज कणीक किती?”

ठोंबरे पांढऱ्या यंत्राचं झाकण उघडून आत बघायला लागले.

“अहो, कणीक किती मळणार, विचारतोय. गुपित असेल तर राहू द्या.”

“दहा-बारा किलो,” वहिनी म्हणाल्या.

“मग ताई, हे पांढरं नेऊ नका. ह्याची मोटर आठवड्यात जळेल आणि तुम्ही वॉरंटी मागायला माझ्याकडे याल. धंद्याला वापरलं की वॉरंटी मिळत नाही. लिहिलंय तसं कार्डावर. हे स्टीलचं न्या. दिसायला वाईट आहे, पण मरेपर्यंत चालेल.”

“धंद्याचंच द्या,” वहिनी म्हणाल्या.

दुकानदारानं बिलबुक ओढलं. “नाव?”

“एक मिनिट,” ठोंबरे म्हणाले. “दोन्ही चालू करून दाखवा.”

“दोन्ही कशाला? आत्ता तर सांगितलं.”

“दाखवा हो. बघायला काय हरकत आहे?”

दुकानदारानं वहिनींकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि दोन्ही वायरी लावल्या. पांढरं गुणगुणायला लागलं, स्टीलचं घरघरायला लागलं. ठोंबऱ्यांनी एक हात ह्याच्या झाकणावर ठेवला, एक त्याच्या, आणि मान किंचित कलती करून दोन्हींची थरथर तपासत राहिले. माझं भांडं बांधून झालं होतं. वहिनी उठून दुकानाच्या पायरीवर येऊन उभ्या राहिल्या होत्या; रस्त्यावर गर्दी वाढत चालली होती आणि संध्याकाळचे डबे व्हायचे होते.

“अहो, चला. मंगल येऊन थांबली असंल.”

“हो, हो,” ठोंबरे हात न काढता म्हणाले. “एक मिनिट, सुशीला. एकच मिनिट.”